सतरा नंबरची डावी चप्पल

माझ्या बहिणीचा नवरा मला कधीच आवडला नाही, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलेलं आहे. त्यावर तो "हं" म्हणाला. तो सगळ्यालाच "हं" म्हणतो. जेवण छान झालंय म्हटलं तरी हं, घराला आग लागली म्हटलं तरी हंच म्हणेल आणि मग सावकाश उठून चपला शोधायला लागेल. अशा माणसाशी भांडण लावायचं म्हणजे आपलंच डोकं फिरवून घेणं.

तरी गेल्या महिन्यात मी त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. हौस म्हणून नाही. माझी लाँच दहा मिनिटांच्या वर चालत नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बंदर कार्यालयाचा तपासनीस यायचा होता. त्याच्यासमोर इंजिन सलग एक तास चाललं पाहिजे, नाहीतर खाडीपलीकडे माणसं नेण्याचा माझा परवाना त्याच दिवशी संपणार आणि माझी फेरी दुसऱ्या लाँचवाल्याच्या घशात जाणार. तो आठवडाभर रोज धक्क्यावर येऊन माझ्या लाँचकडे, मुलगी बघायला आल्यासारखा, वरपासून खालपर्यंत बघून जात होता. बाबांनी ही फेरी तीस वर्षं चालवली, त्यांच्यामागे सात वर्षं मी. मला दुसरं काही येत नाही. धक्क्यावरचा एक मेकॅनिक पाठ धरून अंथरुणात पडला होता, दुसरा फोन उचलत नव्हता. उरला हा.

समोर असला की मी त्याला भावोजी म्हणते, अहो-जाहो करते. मनात तो एकेरीतच असतो.

धक्क्यावर त्याचं नाव सतरा नंबर. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या नळ्यांचे नट ज्या सतरा नंबरच्या पान्याने सुटतात, तो पाना कायम त्याच्या पँटच्या मागच्या खिशात. त्याच्या झाडून सगळ्या पँटी एकाच जागी फाटायच्या आणि माझी ताई त्या एकाच जागी शिवायची. लग्नाच्या दिवशीही पाना खिशात होता. फोटोवाला तीनदा "जरा सरळ बसा" म्हणाला, तेव्हा ताईच्या लक्षात आलं की नवरा एका अंगाला कलून का बसलाय. ताई हसली. मी तेव्हा सतरा-अठराची असेन. मला इतकी लाज वाटली की मी जेवणाच्या पंगतीतून उठून गेले.

आईबाप लहानपणी गेलेले, मावशीकडे वाढला. मावशीची स्वतःची पाच. अशा घरात जेवायला बसलेल्या सहाव्याने फार बोलायचं नसतं, हे तो तिथेच शिकला असणार. सोळाव्या वर्षी ट्रकच्या गॅरेजात लागला, विसाव्या वर्षी धक्क्यावर आला. पाण्याची भीती, पोहता येत नाही, लाँचमध्ये चढताना कठडा दोन्ही हातांनी धरणार. आणि इंजिनाजवळ बसला की दुनिया गेली उडत. मला त्याचा सगळ्यात जास्त राग कशाचा यायचा सांगू? बाबा त्याच्याशी बोलायचे. घरात आमच्याशी चार शब्द न बोलणारे बाबा त्याच्या शेजारी उकिडवे बसून तासन्‌तास डिझेलबद्दल बोलायचे, आणि हा नुसता हं हं करायचा. मुलगा नसलेल्या माणसाला जावई मिळाला की तो किती वेडा होतो ते मी बघितलंय.

त्याचं खास काम म्हणजे हवा काढणं. डिझेलच्या इंजिनाचा हा एक नखरा असतो. टाकीपासून नोझलपर्यंतच्या नळ्यांत नुसतं डिझेल हवं. फिल्टर बदलला, टाकी रिकामी झाली किंवा एखादा नट सैल झाला की नळीत हवा शिरते. मग पंप डिझेल ढकलायच्या ऐवजी तो बुडबुडाच दाबत बसतो, आणि एवढं मोठं धूड एका बुडबुड्यापायी गप्प होतं. ती हवा काढायची तर क्रमाने जावं लागतं. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, फीड पंपाची छोटी लिव्हर हाताने मारत राहा. स्क्रूपाशी फेस येतो, मग बुडबुडे, मग एकसंध डिझेल. स्क्रू आवळा. मग पुढच्या पंपावरचा स्क्रू, तेच. मग नोझलचे नट सैल करून किल्लीने सेल्फ मारायचा, तिथे डिझेल चिरकायला लागलं की आवळायचे. कोणालाही येईल असं काम आहे. पण घाई केली की सगळं पहिल्यापासून.

लाँचमध्ये त्यात आणखी एक भानगड असते. इंजिन थंड ठेवायला ते बाहेरचं खारं पाणी ओढतं आणि धुराबरोबर सायलेन्सरमधून मागे फेकतं. इंजिन पेटलं असेल तर धूर त्या पाण्याला बाहेर ढकलतो. पण पेटतच नसेल आणि तुम्ही सेल्फवर सेल्फ मारत राहिलात, तर पाणी ओढलं जातं, धूर मात्र नसतो. सायलेन्सर भरतो आणि पाणी उलटं चालत इंजिनात येतं. म्हणून हवा काढताना खाऱ्या पाण्याचा कॉक बंद करायचा. आणि इंजिन लागलं की ताबडतोब उघडायचा, नाहीतर पाण्याचा पंप जळतो. आमच्या धक्क्यावर यासाठी एक रीत आहे. जो कॉक बंद करतो तो आपली डावी चप्पल काढून सुकाणूच्या चाकाला अडकवतो. चप्पल दिसली की कोणी किल्लीला हात लावत नाही, आणि ज्याची चप्पल तो विसरून घरी जाऊ शकत नाही. ही रीत पाळणारे बाकीचे चप्पल अडकवून लाँचवरच बसतात. सतरा नंबर मात्र एका पायात चप्पल घालून दुकानात वायसर आणायला जायचा. उन्हात तापलेल्या धक्क्यावरून एक पाय अनवाणी, टपक-टप, टपक-टप. पोरं मागून तसं चालून दाखवायची. त्याच्या डाव्या पायाचा तळवा उजव्यापेक्षा जाड आहे, असं ताई म्हणते. असेल.

आता आठ वर्षांपूर्वीचं सांगते. सांगावंच लागणार आहे, कारण त्या दिवशी जे झालं ते धक्क्यावरच्या प्रत्येकाला पाठ आहे आणि ते खोटं आहे.

सकाळची शेवटची फेरी झाली होती. त्याने फिल्टर बदलला, कॉक बंद केला, चप्पल अडकवली आणि तांब्याचा वायसर आणायला टपक-टप करत दुकानाकडे गेला. लाँचवर मी एकटी. मी तेवीस वर्षांची, आणि बाबा रोज ऐकवायचे की इंजिन येत नसेल तर लाँच हातात देणार नाही. म्हटलं, हा यायच्या आत हवा काढून इंजिन लावून दाखवते. स्क्रू सैल केला, लिव्हर मारली, फेस आला, थोडं डिझेल आलं, आवळला. घाईच केली. मग चाकाकडे आले. पाण्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही, हे बाबांनी लहानपणापासून माझ्या डोक्यात घातलेलं. चप्पल काढली. कॉक उघडला. आपण फार शहाणपणा करतोय असंच मला वाटत होतं.

सेल्फ मारला. नाही लागलं. परत. परत. दहा वेळा, पंधरा वेळा. बॅटरीचा आवाज बसायला लागला आणि तेवढ्यात लांबून टपक-टप ऐकू आलं. माझी पाचावर धारण बसली. कॉक बंद केला, चप्पल होती तशी अडकवली आणि पुढे दोरांच्या वेटोळ्यावर जाऊन बसले. तो आला, त्याने वायसर बसवला, शांतपणे सगळी हवा काढली आणि सेल्फ मारला. इंजिनाने दोनदा पेट घेतला आणि आत काहीतरी मोडल्याचा असा आवाज आला की धक्क्यावरची माणसं वळून बघायला लागली. एका सिलिंडरमध्ये पाणी होतं. पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकला. हेड उघडलं तेव्हा खारं पाणी वाहत बाहेर आलं आणि खालचं तेल दुधासारखं झालं होतं.

"कॉक बंद होता?" बाबांनी सगळ्यांसमोर विचारलं.

"होता," तो म्हणाला.

"मग पाणी काय आभाळातून पडलं?"

तो चाकाकडे बघत राहिला. किल्ली त्याच्या हातात होती, इंजिन त्याच्या हाताखाली मोडलं होतं. लोक म्हणाले, विसरला असणार आणि मग घाईने चप्पल अडकवली असणार. बाबांनी बंदर कार्यालयात लेखी तक्रार दिली. मेकॅनिकांच्या यादीतून त्याचं नाव गेलं. यादीत नाव नाही म्हणजे कुठल्याही लाँचच्या कागदावर त्याची सही चालणार नाही. तो आणि ताई दोन तासांवरच्या गावात राहायला गेले आणि तो लग्नाच्या हॉलचे जनरेटर दुरुस्त करायला लागला. एका वर्षाने बाबा गेले. हा दवाखान्याच्या फाटकाशी उभा होता, आत आला नाही. बाबांनीही त्याचं नाव काढलं नाही.

मी गप्प बसले. पहिल्या दिवशी भीतीने, मग लाजेने, मग सवयीने. तो कधी दिसलाच तर माझं डोकं तडकायचं. त्याची चाल, त्याचं हं, त्याची ती शिवलेली पँट, कशातही मला खोट दिसायची. मला खरंच वाटायचं की हा माणूसच तिरस्काराच्या लायकीचा आहे.

तर त्याच्या दारात मी. बॅटरीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, जिन्यात ॲसिडचा वास. दार ताईने उघडलं.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कोणी नाही गेलं. लाँच बंद पडतेय."

"तेच म्हटलं. कोणी मेल्याशिवाय तू ही पायरी चढणार नाहीस."

तिने आत ये म्हटलं नाही, पण दारही लावलं नाही. मी आत गेले. तो खिडकीशी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून कुठल्यातरी पंपाचे तुकडे मांडून बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"किती वेळाने बंद पडतं?"

"आठ-दहा मिनिटांनी. हवा काढली की परत लागतं, परत बंद."

"बंद पडायच्या आधी आवाज वरखाली होतो?"

"होतो."

"डिझेल कुठे गळतंय?"

"कुठेच नाही. कोरड्या फडक्याने एकेक नट पुसून बघितला मी. फडकं कोरडंच."

"हं."

"तुम्ही जाणार नाही," ताई त्याला म्हणाली. माझ्यासमोर, मी तिथे नसल्यासारखी. "हिच्या बापाने तुमच्या पोटावर पाय दिला. तो माझाही बाप होता म्हणून मी तोंड शिवून बसले. आता हिच्यासाठी नाही."

त्याने एक तुकडा उचलला, फुंकला, परत ठेवला. "सहाची बस आहे," तो ताईला म्हणाला. "डबा नको देऊस."

माझ्याशी तो एवढंच बोलला होता, इंजिनाबद्दलचं. खाली उतरताना मला हायसं वाटायला हवं होतं. मला संताप आला होता. एवढा मोठेपणा कशाला दाखवायचा?

सकाळी आठला तो धक्क्यावर उतरला. कठडा दोन्ही हातांनी धरून लाँचवर चढला. आधी वाकून कॉक बंद केला. मग डावी चप्पल काढली आणि चाकाला अडकवली. मी मुद्दाम पलीकडच्या काठाकडे बघत राहिले.

मग त्याने सायलेन्सरच्या तळाचं बूच काढलं. चार थेंब पडले. बूच लावलं. मग पुलीच्या नटावर मोठा पाना घालून इंजिन हाताने फिरवलं, पूर्ण दोन फेरे, कान लावून.

"अहो, पाणी नाहीये आत," मी म्हटलं. "अकराला माणूस येतोय. वेळ जातोय."

"आठ वर्षं झाली, हे केल्याशिवाय सेल्फ मारत नाही," तो म्हणाला. "जनरेटरला सायलेन्सरमध्ये पाणी नसतं. तरी दोन फेरे देतो. लोक हसतात."

मी फडकं घेऊन उगाच कठडा पुसायला लागले.

"हवा किती वेळा काढलीस?"

"कालपासून पाच वेळा."

"आणि शिरतेय कुठून ते एकदाही नाही बघितलंस, मालकीणबाई."

मालकीणबाई. पूर्वी हा मला बारकी म्हणायचा. मी दात आवळून सांगितलं की गळतच नाही तर बघू काय.

"टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं," तो लिव्हर मारत म्हणाला. बोलत होता माझ्याशी, डोळे स्क्रूवर. "तिथे फट असली की बाहेर काही येत नाही. आत हवा जाते. फडकं कोरडंच राहणार." त्याने लिव्हर थांबवली. "ही मऊ लागतेय. तू अशीच मारत बसलीस का?"

"मग कशी मारायची?"

"इंजिन अर्धा फेरा फिरव. आतला कॅम लिव्हरला धरून ठेवतो कधीकधी. मग नुसता हात हलतो, डिझेल हलत नाही. बापाने शिकवलं नाही?"

शिकवलं होतं. विसरले होते. त्याने अर्धा फेरा दिला आणि लिव्हर कडक झाली, फसफस करत फेस आला. फेस, बुडबुडे, डिझेल. पुढचा स्क्रू. मग खिशातून तो सतराचा पाना, एकेक नोझल. सेल्फ. इंजिन लागलं तसा त्याने एका हाताने कॉक उघडला, दुसऱ्या हाताने चप्पल काढून पायात घातली.

मग तो ग्रीसचा डबा घेऊन वाट बघत बसला. नवव्या मिनिटाला आवाज वरखाली व्हायला लागला. त्याने बोटाने ग्रीसचा गोळा काढला आणि एकेका जोडावर थापायला सुरुवात केली. टाकीचा जोड, काही फरक नाही. नळीचं वळण, नाही. डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याचा वरचा बोल्ट. ग्रीस बसलं आणि इंजिनाचा आवाज सरळ झाला. मला त्याचं कौतुक वाटायला नको होतं. वाटलं.

त्याने इंजिन बंद करून बोल्ट खोलला आणि तांब्याचा वायसर माझ्या तळहातावर ठेवला. "जुना परत लावलास."

"बाबाही जुनेच लावायचे."

"भाजून लावायचे. एकदा आवळला की तांबं कडक होतं. भाजलं की परत मऊ पडतं."

माझ्या केबिनमधल्या चहाच्या शेगडीवर त्याने वायसर चिमट्यात धरला. लालभडक झाला तसा पाण्याच्या मगात टाकला. चर्र. मग माझ्या डब्यातले बाकीचे जुने वायसरही न विचारता एकेक करून भाजले आणि तारेत ओवून ठेवले. पुन्हा सगळी हवा काढली. पावणेअकराला इंजिन चालू होतं आणि मी मनातल्या मनात त्याच्या परतीच्या बसची वेळ मोजत होते.

तपासनीस ठरल्या वेळेला आला. गळ्यात दोरीला चष्मा, काखेत कागदांची फाइल, चेहऱ्यावर सगळ्या जगाने आपल्याला फसवल्याचा भाव. तो तासभर घड्याळ बघत बसला. इंजिन एकदाही अडखळलं नाही. धक्क्यावर बारा वाजताच्या फेरीची रांग लागली होती. रांगेच्या बाजूला तो दुसरा लाँचवाला उभा होता आणि त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

"दुरुस्ती कोणी केली?" तपासनिसाने कागद काढला. सतरा नंबरने आपलं खरं नाव सांगितलं. तपासनीस यादीवर बोट फिरवत राहिला. "हे नाव काढलेलं आहे. तुमच्याच वडिलांच्या तक्रारीवरून." त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "यांची सही चालणार नाही. सही नाही तर कागद पूर्ण नाही."

मी परवान्याचा कागद त्याच्यापुढे धरला. "परवाना आज संपतोय."

"ते मला दिसतंय. लाँच आता तुमच्या नावावर आहे, तक्रार तुम्ही मागे घेऊ शकता. या खाली लिहा. कारण लिहा, नाहीतर वरचे परत पाठवतील."

एवढंच ना? मी पेन घेतलं आणि लिहिलं, गैरसमजातून तक्रार झाली होती, ती मागे घेत आहे. सही केली. कागद भावोजींपुढे सरकवला. त्याने वाचला. बोटं पँटला पुसली, परत वाचला आणि पेन कागदावर आडवं ठेवलं.

"कोणाचा गैरसमज?" त्याने विचारलं.

"भावोजी, सही करा. नंतर बोलू आपण."

"नंतरच चाललंय आठ वर्षं."

तो उठला. कठडा दोन्ही हातांनी धरला आणि एक पाय धक्क्यावर टाकला. तो खरंच जाणार होता. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस हं म्हणाला नव्हता, आणि नेमका आज. मला वाटलं, ढकलून द्यावा पाण्यात. बुडू दे. मग तपासनिसाने घड्याळ बघितलं आणि फाइलची दोरी बांधायला घेतली.

"थांबा," मी ओरडले.

पहिली ओळ खोडली. खाली लिहिलं, त्या दिवशी खाऱ्या पाण्याचा कॉक मी उघडला. सेल्फ मी मारला. मेकॅनिक तेव्हा लाँचवर नव्हता. मला हे माहीत असून मी सांगितलं नाही. लिहिलं. पश्चात्तापाने नाही, परवान्यासाठी. हे मी इथे लपवणार नाही.

तपासनिसाने कागद घेतला आणि मोठ्याने वाचला. सरकारी माणसं वाचतात तसा, एकेक शब्द, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा. सतरा नंबर परत आत आला, बसला आणि सावकाश आपलं पूर्ण नाव लिहून सही केली. ठप्पा बसला. रांगेतून एक बाई आपल्या दोन मुलांना घेऊन बाहेर पडली आणि पलीकडच्या पुलाच्या रस्त्याने चालायला लागली. तिच्यामागे आणखी दोघं.

तपासनीस गेल्यावर तो हत्यारं पुसत होता. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. "तुम्हाला माहीत होतं?"

"चप्पल," तो म्हणाला. "मी तळ बाहेर करून अडकवतो. आलो तेव्हा तळ आत होता."

"मग तरी सेल्फ मारलात?"

"वाटलं, वाऱ्याने फिरली." त्याने सतराचा पाना खिशात घातला. "ती चूक माझी. बूच काढून बघायला पाहिजे होतं."

"मग बोलला का नाहीत? आठ वर्षं मूग गिळून बसलात! एकदा तरी सांगायचं होतंत बाबांना."

"सांगितलं. त्याच दिवशी."

"खोटं बोलताय."

"ते म्हणाले, मला माहीत आहे. तू दुकानात होतास तेव्हा मी तिकिटाच्या खिडकीत बसून सेल्फचा आवाज ऐकत होतो." तो हे इतक्या सपाट आवाजात बोलत होता की मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. "म्हणाले, लाँच पुढे तिला चालवायची आहे. लोकांना कळलं तर तिच्या लाँचमध्ये कोण बसेल? तुझ्या हातात कला आहे, तू कुठेही पोट भरशील."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? हं म्हणालो."

तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, जेवून जा. म्हटलं, इथेच परत काम करा, आता नाव आलंय यादीत.

"करणार," तो म्हणाला. "त्या दुसऱ्याच्या लाँचवर. तुझ्या नाही." कठडा धरून तो धक्क्यावर उतरला. "वायसर भाजून ठेवलेत. परत बोलवू नकोस. आणि बाबांचं हे ताईला तू सांगायचं. मी नाही सांगणार. मी पुरेसं गप्प राहिलो."

दोन्ही चपला पायात घालून तो बस थांब्याकडे गेला. मागे वळून बघितलं नाही. मला तो आजही आवडत नाही.

बाराची फेरी अर्धी रिकामी गेली. परत आल्यावर मी तिकिटाच्या खोलीत गेले. बाबांची खुर्ची अजून तिथेच आहे, खिडकीला लावून. खिडकीतून लाँच दिसते, पण लांब आहे, मध्ये माणसं, हातगाड्या, लाटांचा आवाज. म्हटलं, इथून सेल्फ ऐकू येणं शक्य नाही. हा माणूस कडू आहे, बाबांवर ढकलून मोकळा झाला. माझ्याकडे दोर ओढायला असतात त्या काकांना सांगितलं, लाँचवर जा आणि एकदा सेल्फ मारा. खिडकी अर्धवट लावून मी खुर्चीत बसले. ऐकू येऊ नये असं मला मनापासून वाटत होतं.

पहिल्याच वेळेला ऐकू आला. किल्ली फिरल्याची टिकसुद्धा.